सर्व्हरच्या नकाशाची छाटणी: १.२१ साठी जागा मोकळी करताना

ठोकळ्यांनी (ब्लॉकनी) जग बांधण्याच्या माइनक्राफ्ट या खेळाचा आमचा सर्व्हर १.१६ या आवृत्तीपासून एकाच नकाशावर चालू आहे आणि नवी आवृत्ती आली म्हणून जुना नकाशा टाकून द्यायचा नाही, असे सर्व खेळाडूंनी मिळून ठरवलेले आहे. या टप्प्यातले काम, म्हणजे न वापरलेला भाग काढून तो नव्याने निर्माण होऊ देणे, त्या निर्णयातूनच निघाले. या खेळातले जग १६ बाय १६ ब्लॉकच्या तुकड्यांनी, म्हणजे चंकांनी, तयार होत जाते. एखादा चंक तयार होऊन फाइलमध्ये साठवला गेला, की पुढच्या आवृत्तीतल्या नव्या वास्तू त्यात आपोआप उगवत नाहीत. त्यामुळे जून २०२४ मध्ये १.२१ सोबत आलेली ट्रायल चेंबर्स (जमिनीखालच्या वास्तू) आमच्या वस्त्यांजवळ कुठेच नव्हती. ती पाहायची तर आजवर कोणीही न गेलेल्या भागापर्यंत प्रवास करणे भाग होते.

या नियमाला मोठा अपवाद ठरली ती नोव्हेंबर २०२१ ची १.१८. तिने जगाची उंची २५६ वरून ३८४ ब्लॉकवर नेली आणि तळ शून्यावरून उणे ६४ पर्यंत खाली गेला. जुन्या चंकांत शून्याजवळच्या बेडरॉकच्या (तळाच्या न फुटणाऱ्या थराच्या) जागी डीपस्लेट हा खोलवरचा दगड आला, त्याखाली नव्या गुहा तयार झाल्या आणि वरची घरे, शेते, रूळ जिथल्या तिथे राहिले. जुनी आणि नवी जमीन जिथे भेटते तिथे पूर्वी सुरीने कापल्यासारखे सरळ कडे दिसत, १.१८ पासून तिथली उंची हळूहळू जुळवून घेतली जाते. याउलट वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळाने डिसेंबर २०१० मधल्या कॅटॅक्लिझम या विस्तारात जुने दोन्ही खंड बदलून टाकले आणि पूर्वीचे रूप हवे असणाऱ्यांना ‘क्लासिक’ या अधिकृत जुन्या रूपासाठी ऑगस्ट २०१९ पर्यंत थांबावे लागले. कथा सांगणाऱ्या खेळाला ते शोभते. पण जिथे जगच खेळाडूंनी बांधलेले आहे, तिथे १.१८ चा मार्गच योग्य, असे माझे मत आहे.

प्रत्यक्ष छाटणीसाठी एमसीए सिलेक्टर हे चंक निवडून काढण्याचे साधन वापरले. प्रत्येक चंकमध्ये ‘इनहॅबिटेड टाइम’ नावाची नोंद असते. खेळाडू त्या परिसरात किती काळ होते, ते तिच्यात टिक या खेळातल्या कालमापनाच्या एककात साठते आणि सेकंदाला २० टिक होतात. १,२०० टिकांपेक्षा, म्हणजे एका मिनिटापेक्षा, कमी नोंद असलेले चंक निवडल्यावर नकाशावर पसरलेल्या लांबच लांब पट्ट्या लाल झाल्या. एलिट्रा (उडण्याचे पंख) लावून कोणीतरी वरून उडत गेल्याच्या त्या खुणा होत्या. तरीही हा निकष आंधळेपणाने लावणे बरोबर नाही, कारण दूरवर पुरून ठेवलेल्या एखाद्या पेटीची नोंदही इतकीच तुटपुंजी असू शकते. म्हणून सर्वांकडून आपापल्या जागांचे कोऑर्डिनेट्स मागवले, त्या चंकांना आणि त्यांच्या भोवतीच्या काही रांगांना निवडीतून वगळले, संपूर्ण बॅकअप घेतला आणि मगच उरलेले चंक काढून टाकले. चंकांच्या नोंदी रीजन (जमीन), एंटिटीज (प्राणी वगैरे) आणि पीओआय (महत्त्वाच्या जागा) अशा तीन फोल्डरांत विभागलेल्या असतात. तिन्ही फोल्डर एमसीए सिलेक्टरमध्ये एकत्र उघडले नाहीत, तर काढलेल्या जागी जुने प्राणी मागे राहतात.

१.१८ नंतर तयार झालेली जमीन पुन्हा निर्माण झाल्यावर सीड (ज्या आकड्यावरून जग तयार होते तो) तेच असल्यामुळे जवळपास पूर्वीसारखीच आली. जे बदलले ते जमिनीखाली. मुख्य वस्तीच्या पूर्वेला उणे ३० च्या आसपास तांबे आणि टफ हा दगड यांच्या भिंतींचे पहिले ट्रायल चेंबर सापडले आणि तिथे पायी जाता येते.

नेदर या खेळातल्या दुसऱ्या जगातले रस्ते आम्ही मुद्दाम छाटले नाहीत; तिथून वरच्या जगात पोर्टल नावाच्या दारांतून येता येते. मात्र काही रस्त्यांच्या टोकाला असलेली वरच्या जगातली पोर्टल्स चंकांसोबत गेली, त्यामुळे तिथून बाहेर पडणाऱ्यासाठी खेळ नवे पोर्टल उभे करतो आणि ते नेमके जुन्या जागी येईलच असे नाही. एका रस्त्यावरचे तर डोंगराच्या कड्यावर निघाले. नेदरमधला एक ब्लॉक वरच्या जगातल्या आठ ब्लॉकांइतका असतो, म्हणून तिथले कोऑर्डिनेट्स आठने गुणून ही पोर्टल्स मूळ जागी पुन्हा बांधण्याचे काम सुरू आहे. ते होईपर्यंत वर्ल्ड बॉर्डर, म्हणजे खेळाडूंना जाता येईल ती जगाची सीमा, आवळून ठेवली आहे, म्हणजे पुढच्या आवृत्तीसाठी बाहेरची जमीन कोरी राहील.