मशीन गावला तर येतलंय

प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणावर माझ्या मार्गदर्शक बाईंनी पेन्सिलीने लिहिलं, ‘हा साहित्याचा प्रबंध आहे ना?’ प्रश्न रास्त आहे. फ्रेंचमधून लिहिणारे अल्जेरियन-मोरोक्कन लेखक, तिथून फ्रान्सला गेलेल्या कामगारांचा इतिहास, आणि मध्येच डायलिसिस. कणकवलीत बसून असलं काही करणारी मी एकटीच असणार.

बाईंना मी ताहर बेन जेलूनचं उदाहरण दिलं. मोरोक्कोहून पॅरिसला गेलेल्या या लेखकाने डॉक्टरेट केली ती सामाजिक मानसोपचारात. उत्तर आफ्रिकेतून आलेले एकटे कामगार त्याच्यापुढे बसून आपली दुखणी सांगत. त्याच ऐकण्यातून १९७६ साली कादंबरी आली आणि १९७७ साली अभ्यासग्रंथ. म्हणजे दवाखाना आणि कादंबरी एका टेबलावर आणणारी मी काही पहिली नव्हे.

दुसरा आधार अब्देलमालेक सयादचा. अल्जेरियातल्या काबिली भागात जन्मलेला हा समाजशास्त्रज्ञ १९९८ साली गेला आणि पुढच्याच वर्षी त्याचं ‘दुहेरी अनुपस्थिती’ हे पुस्तक निघालं. गेलेला माणूस गावातही नसतो आणि जिथे गेला तिथेही पुरता नसतो, हे त्याचं म्हणणं. अल्जेरियन कामगारांसाठी फ्रेंच सरकारने १९५६ पासून वसतिगृहं उभारायला घेतली, छोट्या छोट्या खोल्यांची. त्यातले कितीतरी जण तिथेच म्हातारे झाले. बायकापोरं गावी, आणि वृद्धांच्या भत्त्याला अट अशी की वर्षातला बराच काळ फ्रान्समध्येच काढला पाहिजे. अशा माणसाची किडनी गेली की आठवड्यातून तीन वेळा, चार-चार तास डायलिसिसचं मशीन, म्हणजे किडनीऐवजी रक्त गाळणारं. मग गावी कसा जाणार?

हे वाचताना मला आमचे काका दिसायला लागले, आणि तिथेच तिसरं प्रकरण सुरू झालं. स्थलांतराबद्दल लिहिणारे बहुतेक जण जाण्याबद्दल लिहितात. मला येण्याबद्दल लिहायचंय.

काका परळच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, गिरणी काही परत सुरू झाली नाही, मग वॉचमनकी. आता डोंबिवलीला असतात. साखरेने किडन्या खाल्ल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. डाव्या हाताला फिस्टुला आहे, म्हणजे धमनी आणि शीर ऑपरेशनने जोडलेली. तिथे बोट ठेवलं की आतून घरघर लागते. मी पहिल्यांदा हात लावला तेव्हा दचकले, तर काका हसून म्हणाले, “गो, चालू हा ता. बंद पडला तर भियाचा.”

त्या हाताने जड उचलायचं नाही. म्हणजे गणपतीच्या शाळेतून, मूर्ती घडवतात तिथून, गणपती घरी आणायचा त्यांचा मान गेला. गणपतीच्या जेवणातही बरंचसं बंदच. काळ्या वाटाण्याचं सांबारं नको, शहाळं तर नावालाही नको, पोटॅशियम वाढलं की हृदयच गडबडतं. मोदक एखादा, तोही गोळीबरोबर. पाणी दिवसाला पाऊण लिटर, चहा धरून. आणि मशीनला एका वेळेला साधारण १२० लिटर शुद्ध पाणी लागतं! पावसात वीज गेली की इथल्या सेंटरवाल्यांची काय धावपळ होते ते मी पाहिलंय.

गणपतीला गावी यायचं तर इथे चार तासांची खुर्ची मिळायला हवी. त्यासाठी हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट, मागच्या काही डायलिसिसचे कागद, ड्राय वेट म्हणजे अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं वजन, रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन किती देतात ते. सगळं पाठवलं तरी एका सेंटरने गेल्या वर्षी ऐनवेळी ‘आमचेच पेशंट फुल आहेत’ म्हणून हात वर केले. त्यांचंही खोटं नाही, चाकरमानी पेशंट सगळे त्याच आठवड्यात येतात. पण कोकण रेल्वेचं तिकीट ६० दिवस आधी काढावं लागतं आणि खुर्चीचं आदल्या आठवड्यापर्यंत कोणी सांगत नाही. तिकीट रद्द केलं. काकांनी व्हिडिओ कॉलवर आरती बघितली आणि मध्येच फोन ठेवून दिला.

डायलिसिसच्या वॉर्डातल्या पेशंटना मी प्रकरणासाठी एकच प्रश्न विचारते: शेवटचं गावी कधी गेला होतात? मग पुढे मला फारसं काही विचारावं लागत नाही. बाईंना मी ती टिपणं वाचायला दिलीत. अजून उत्तर नाही.

यंदा चतुर्थी सोमवारी, म्हणजे नेमका मशीनचा वार. काका फोनवर म्हणाले, “मशीन गावला तर येतलंय. आरतेक उभो रवलंय तरी पुरे.” परवा इथल्या एका सेंटरचा होकार आला, दुपारी तीनच्या पाळीला. म्हणजे पूजा, आरती, नैवेद्य सगळं दोनच्या आत उरकायला हवं. आता भटजींना गाठायचंय. वाडीत आमच्या घराचा नंबर दरवर्षी शेवटचा लागतो.