‘पाणी शुद्ध वापरा’ म्हणणाऱ्यांवरचा राग आणि माझं वॉटर केफिर

‘पाणी एकदम शुद्ध वापरा, मग बघा केफिरचे दाणे कसे भराभर वाढतात.’ हा सल्ला मला ज्यांनी ज्यांनी दिला, त्या सगळ्यांवर माझा अजून राग आहे. दाण्यांच्या पाकिटातल्या कागदावर तेच छापलेलं. फिल्टर बसवायला आलेल्या मुलाच्या तोंडी तेच. पाण्याचा नमुना तपासायला नेला तिथल्या खिडकीतही तेच. दाणे मात्र वाढायचं नाव घेत नव्हते.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वॉटर केफिर म्हणजे साखरेच्या पाण्यात जिवाणू आणि यीस्ट यांचे दाणे टाकून आंबवलेलं, किंचित आंबटगोड, फसफसणारं पेय. दुधाच्या केफिरचे दाणे वेगळे, फुलकोबीच्या तुऱ्यासारखे पांढरे. हे अर्धपारदर्शक असतात, खडीसाखर भिजत घातल्यासारखे दिसतात. कृती एवढीच: एक लिटर पाणी, 60 ग्रॅम साखर, साधारण तेवढेच दाणे, एखादं सुकं अंजीर आणि लिंबाची फोड. काचेची बरणी, तोंडाला कापड. एक-दोन दिवसांनी गाळायचं आणि दाणे नव्या साखरपाण्यात टाकायचे. अंजीर तळाशी बसलेलं असतं, ते वर तरंगायला लागलं की गाळायची वेळ झाली असं समजतात, आणि ते बऱ्यापैकी खरं आहे.

माझे दाणे कुरियरने सुकवून आले होते. ते साखरपाण्यात फुगवणं, पहिली एक-दोन पाणी फेकून देणं, हे सगळं बिनबोभाट पार पडलं. पुढे मात्र गाडी रुतली.

पेय आंबायचं, पण नुसतं आंबट. आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या मे महिन्यात सकाळी घातलेलं दुसऱ्या सकाळी व्हिनेगरच्या वाटेला लागलेलं असायचं. आणि दाणे? कागदावर लिहिलं होतं, काही फेऱ्यांत दुप्पट होतील. माझे प्रत्येक गाळणीला बारीक होत चालले होते. आधी वाटाण्याएवढे, मग तुरीएवढे, शेवटी रव्यासारखा चुरा गाळणीच्या भोकांतून खाली. सासूबाई रोज बरणीजवळून जाताना नाकाला पदर लावून म्हणायच्या, “सोऱ्याचो वास येता गो!” (दारूचा वास येतोय गं!) त्या अगदीच चुकीचं बोलत नव्हत्या. यीस्ट आहे तिथे थोडं अल्कोहोल आलंच. आपल्याकडच्या अन्नसुरक्षेच्या नियमांत 0.5 टक्क्याच्या वर गेलेलं पेय मद्यात मोडतं, आणि जास्त वेळ ठेवलेलं केफिर ती रेघ सहज ओलांडतं. म्हणून मी त्यांना आणि मुलांना एका दिवसात गाळलेलंच देते. साखरही सगळी संपत नाही, तेव्हा मधुमेहवाल्यांनी ‘आंबलं म्हणजे साखर गेली’ असं मानू नये.

असो. ज्याला विचारावं तो नवा उपाय सांगे. साखर बदला. साखरेऐवजी मध घाला. हा सल्ला तर सपशेल उलटा. दाणा म्हणजे डेक्स्ट्रान नावाचं एक कर्बोदक, आणि ते मुख्यतः लेंटिलॅक्टोबॅसिलस हिलगार्डी हा जिवाणू सुक्रोजपासून, म्हणजे आपल्या साध्या साखरेपासून, बनवतो. मधात बहुतेक ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. त्यावर पेय आंबेल, दाणा बांधला जाणार नाही. स्टीव्हियासारख्या बिनसाखरेच्या गोडाचं तर बोलायलाच नको.

आमच्याकडे पाणी तीन प्रकारचं. नळाचं ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्रातून येतं, त्यात क्लोरीन. ते उकळून किंवा रात्रभर उघडं ठेवून वापरलं. स्वयंपाकघरातलं आरओचं. आणि परसातल्या विहिरीचं, जे पिऊन या घरातल्या चार पिढ्या वाढल्या. तिन्ही पाण्यांत तेच रडगाणं, आणि आरओच्या पाण्यात सगळ्यात जास्त. फिल्टरवाल्या मुलाने मीटर बुडवून अभिमानाने आकडा दाखवला होता, “बघा मॅडम, काहीच नाही उरलं पाण्यात.” काहीच उरलेलं नाही हीच अडचण आहे, हे तेव्हा त्याला ठाऊक नव्हतं आणि मलाही कुणी सांगितलं नाही.

धागा हाती लागला तो धाकट्या बहिणीमुळे. ती सोलापूरला असते. त्याच विक्रेत्याकडून तिनेही दाणे मागवले होते आणि फोनवर कुरकुरत होती, “ताई, एवढे झालेत की शेजारीपाजारी वाटून संपेनात.” कृती तीच, साखर तीच, अंजीरही तेच. उकाडा तिच्याकडे जास्तच. फरक काय, तर तिचं बोअरचं पाणी. तिच्या चहाच्या भांड्याला दर आठवड्याला पांढरा थर धरतो, साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही. माहेरपणाला इथे आली की ती हमखास म्हणते, तुमच्याकडे डाळ कशी पटकन शिजते गं! तिच्या जमिनीखाली काळा बेसॉल्ट. त्यातून येणारं पाणी जड, कॅल्शियम-मॅग्नेशियमने भरलेलं. माझ्या विहिरीखाली जांभा, म्हणजे आपला चिरा. आणि चिरा मुळात होतो कसा? लाखो वर्षं धो धो पावसाने खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेलं की मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरतं. म्हणूनच तो लाल. त्यातून झिरपलेलं पाणी गोड लागतं, डाळ शिजवतं आणि केफिरला उपाशी ठेवतं.

हे नुसतं माझं तर्कट नको म्हणून पाणी तपासायला दिलं. ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात निष्फळ रांग. अर्जावर ‘तपासणीचे कारण’ असा रकाना होता. मी लिहिलं, ‘कॅल्शियमचे प्रमाण जाणून घेणे’. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, कुणी आजारी पडलंय का? नाही. मग तक्रार काय? म्हटलं, तक्रार नाही, मला फक्त आकडा हवाय. तसा रकाना नाही म्हणाल्या. त्यांनी मी लिहिलेल्यावर रेघ मारली आणि ‘पिण्यासाठी’ असं लिहिलं. नमुन्याची बाटली इथलीच हवी, घरून आणलेली चालत नाही, म्हणून पुन्हा घरी. मग अहवाल सहीसाठी अडकला. सही करणारे साहेब रजेवर. ते आले तर मशीन बंद. अखेर कागद हातात पडला तेव्हा खाली मोठा शिक्का: ‘पिण्यास योग्य’. एकूण कठीणपणा नगण्य. सामू (पीएच) 6.5 या खालच्या मर्यादेजवळ, म्हणजे पाणी जरा आम्लच. आणि कॅल्शियमसमोर, ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला, तिथे एक आडवी रेघ. विचारलं तर उत्तर मिळालं, “कठीणपणा एवढा कमी आहे मॅडम, कॅल्शियम वेगळं कशाला काढायचं? पाणी शुद्ध आहे तुमचं.”

त्यांचंही बरोबरच म्हणा. पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 या मानकात कॅल्शियमची मर्यादा लिटरला 75 मिलिग्रॅम आहे, पण ती वरची. कमीत कमी किती हवं याची तिथे कुणाला फिकीर नाही. माणसाला दूध, नाचणी, मासळी आहे. बरणीतल्या दाण्याला पाणीच काय ते.

उत्तर मिळालं ते ब्रुसेल्सच्या विद्यापीठातल्या संशोधकांच्या कामात. 2019 मध्ये त्यांनी नेमकं हेच तपासलं होतं: पाण्यातलं कॅल्शियम आणि आम्ल झेलण्याची ताकद यांचा दाण्यांच्या वाढीवर होणारा परिणाम. मृदू पाण्यात आम्लता झपाट्याने वाढते आणि त्या आम्लाच्या माऱ्यात दाणे वाढत नाहीत, पेय मात्र आंबतच राहतं. माझ्या बरणीची कुंडलीच! बाजारातली बाटली आणावी तर तीही बघून घ्यावी लागते. आयएस 14543 लिहिलेलं साधं पॅकबंद पाणी बहुधा आरओचंच असतं. खनिजांचं म्हणजे आयएस 13428 वालं नैसर्गिक मिनरल वॉटर, आणि त्याच्या किमतीत केफिर करण्यापेक्षा सरळ शहाळं प्यावं.

उपाय फुकटचा निघाला. अंड्याचं कवच. आतला पापुद्रा काढून दहा मिनिटं उकळायचं, वाळवायचं आणि लिटरला पाव कवच बरणीत टाकून द्यायचं. कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पेय जितकं आंबट होत जातं तितकं ते विरघळतं, कॅल्शियम देतं आणि आम्लाला आवरही घालतं. पातळ झालं की बदलायचं. आमच्याकडे खाण्याच्या तिसऱ्यांच्या शिंपल्यांना काय तोटा? उकळून स्वच्छ केलेली शिंपीही तेच काम करते. पुढच्या काही फेऱ्यांतच चुरा जाऊन पुन्हा टपोरे, कडेला चकाकणारे दाणे दिसायला लागले. त्या दिवशी मी बहिणीला फोटो पाठवला आणि, खोटं कशाला बोलू, तो अहवालही फाडून टाकला.

पण सोमवार आला. सासूबाईंचा शिवराक, म्हणजे शाकाहाराचा वार. अंड्याचं कवच पडलेलं पाणी त्या ओठाला लावणार नाहीत, आणि श्रावणात तर महिनाभर प्रश्न. तेव्हा दुसरी छोटी बरणी वेगळी काढली. तिच्यात साखरेबरोबर माडाच्या काळ्या गुळाचा सुपारीएवढा खडा, आणि खाण्याच्या सोड्याची अगदी नखभर चिमूट. गूळ खनिजं देतो, सोडा आम्ल झेलतो. मात्र गुळाचा हात सैल सोडू नका. सगळी साखर काढून गूळच घातला की दाणे बुळबुळीत होतात, चिमटीत धरले की विरघळल्यासारखे लागतात. सोलापूरच्या बहिणीला मी गूळ घालायचाच नाही म्हणून सांगितलंय. तिच्या पाण्यात आधीच रग्गड आहे.

आता आठवतील तशा बाकीच्या गोष्टी.

बेदाणे घालायचे तर काळे घाला. सोनेरी, चकचकीत बेदाणे आणि केशरी जर्दाळू बहुतेक वेळा सल्फर डायऑक्साइडने राखलेले असतात, आणि तो यीस्टला मारक असतो. काळ्यांनाही कधीकधी तेलाचा हात असतो, म्हणून कोमट पाण्यात धुऊन.

मुंग्या! बरणी परातीत ठेवून परातीत पाणी. मुंग्या थांबतात आणि उन्हाळ्यात बरणीही जरा थंड राहते. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये चोवीस तासांच्या वर ठेवायचंच नाही. डिसेंबरात दीड-दोन दिवस चालतं.

चिलटांसाठी जाळीचं कापड पुरत नाही, ती आत शिरतात. जुन्या धोतराचा घट्ट विणीचा तुकडा आणि रबर. तांब्याची, ॲल्युमिनियमची भांडी आंबट पेयाला नकोत. स्टीलच्या गाळणीने मात्र दाणे मरत नाहीत, ती भीती उगाच पसरवलेली आहे.

पावसाळ्यात वर पांढरा, सुरकुतलेला पातळ पापुद्रा आला तर घाबरू नका. ते हवेतलं यीस्ट. काढून टाका, दाणे धुवा, पुढचं पाणी लवकर गाळा. पण लोकरीसारखी, हिरवी-काळी-गुलाबी बुरशी दिसली तर दाण्यांसकट सगळं फेका, जीव अडकवू नका. सडक्या अंड्याचा वास आला तर तो बहुतेक उपाशी यीस्टचा. अंजीर किंवा बेदाणे घातले की एक-दोन फेऱ्यांत जातो.

फसफस हवी तर गाळलेलं पेय, दाण्यांशिवाय, फळाबरोबर बाटलीत बंद करून आणखी अर्धा-एक दिवस बाहेर ठेवायचं. त्यासाठी फेणीची रिकामी बाटली वापरू नका, ती दाब सोसायला बनवलेली नसते. जाड काचेची, झाकणाला तारेची पकड असलेली बाटली हवी, किंवा सरळ सोड्याची प्लास्टिकची. प्लास्टिकची दाबून बघता येते: दगडासारखी घट्ट झाली की फ्रिजमध्ये. अननसाला हमखास जोर असतो, त्या बाटल्या पहिल्यांदा मोरीतच उघडा. भिरंडाची, म्हणजे कोकमाच्या फळाची ताजी सालं घातली तर रंग देखणा येतो, पण कोकमाचं आगळ घालू नका, त्यात मीठ असतं. कोकमाचं आम्ल आधीच भरपूर, त्यामुळे वायू धरायला वेळ लागतो. थोडी साखर जास्त घालून बघा. काजूच्या हंगामात ताजा नीरो, म्हणजे काजूच्या बोंडांचा रस, अर्धा पेला घातला होता. तो स्वतःच आंबायला टपलेला असतो, त्या बाटलीने झाकण उघडताच छताला नमस्कार केला.

चवथीला (गणेश चतुर्थीला) आम्ही मूळ घरी पाच दिवस जातो. तेव्हा दाणे ताज्या साखरपाण्यात, झाकण लावून फ्रिजमध्ये. दोन-तीन आठवडे आरामात राहतात. परत आल्यावर पहिलं पाणी जरा मंद आंबतं, तेवढंच. सुकवून ठेवायचे असतील तर मात्र गोव्यात दसऱ्यापर्यंत थांबा. जुलै-ऑगस्टच्या दमटपणात पंख्याखाली ठेवलेले दाणे वाळत नाहीत, बुरसटतात.