राखेचे वय आणि राखेचे ठिकाण

माझ्या टेबलावर काचेच्या एका बशीत चमचाभर पांढुरकी राख ठेवलेली आहे. जुन्नर तालुक्यातील बोरी बुद्रुक येथे कुकडी नदीच्या काठावर ज्वालामुखीय राखेचा एक थर उघडा पडलेला आहे आणि ही राख मी अनेक वर्षांपूर्वी तेथून सोलापूरला आणली. महाविद्यालयात भूगोल शिकवताना प्रत्येक वर्षीच्या मुलांना मी ती सूक्ष्मदर्शकाखाली दाखवत आले आहे. तिच्यात पारदर्शक, वक्र काचेचे तुकडे दिसतात. ज्वालामुखीतील फेसाळलेला शिलारस फुटून विखुरला, तेव्हाच्या बुडबुड्यांच्या भिंती म्हणजे हे तुकडे. एकदा एका मुलीने चुंबकाला कागद गुंडाळून तो राखेवरून फिरवला आणि कागदावर काळे कण चिकटून आले. राखेतही स्वतःचे थोडे मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारे लोहखनिज, असू शकते, त्यामुळे चिकटलेला प्रत्येक कण परका होता असे मी म्हणणार नाही. परंतु कुकडीचे सारे खोरे बेसॉल्टचे आहे आणि नदीने वाहून आणलेल्या गोष्टीत त्या खडकाचा चुरा नसणे अशक्यच. या राखेचे वय काय, असे मुले दरवर्षी विचारतात आणि त्या प्रश्नाचे खरे उत्तर मला त्या दिवसापासून या काळ्या कणांत दिसू लागले.

बोरीच्या राखेला आजवर अनेक वये मिळाली आहेत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस पोटॅशियम–आर्गॉन पद्धतीने तिचे वय सुमारे १४ लाख वर्षे आले. पुढे १९९० च्या दशकात ६ लाख ७० हजार वर्षे हा आकडा पुढे आला. त्याच सुमारास काचेच्या रासायनिक रचनेवरून काही अभ्यासकांनी ती सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीच्या सर्वांत अलीकडच्या महाउद्रेकाची, म्हणजे सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीची, आहे असे मांडले. त्यानंतर आर्गॉन–आर्गॉन पद्धतीने सुमारे ८ लाख वर्षे हे वय आले आणि तेही टोबाच्याच, पण एका जुन्या उद्रेकाशी जुळते. हा वाद केवळ भूशास्त्रज्ञांपुरता नाही. बोरीला राखेच्या सान्निध्यात अश्युलियन, म्हणजे हातकुऱ्हाडी घडवण्याच्या अतिप्राचीन परंपरेची दगडी हत्यारे मिळाली आहेत. त्यामुळे महाराष्ट्रात हातकुऱ्हाडी घडवणारा माणूस १४ लाख वर्षांपूर्वी होता की त्याच्या कितीतरी नंतर, हे या चिमूटभर राखेवर ठरणार होते.

एकाच थराची इतकी वेगळी वये कशी येतात, हे कळण्यासाठी आर्गॉनचे घड्याळ कसे चालते ते पाहावे लागते. निसर्गातील पोटॅशियमचा सुमारे ०.०११७ टक्का भाग पोटॅशियम-४० या किरणोत्सारी समस्थानिकाचा, म्हणजे त्याच मूलद्रव्याच्या वेगळ्या वस्तुमानाच्या अणूंचा, असतो. त्याचा अर्धायुकाल सुमारे १२५ कोटी वर्षे आहे. क्षय पावणाऱ्या दर शंभर अणूंपैकी सुमारे ८९ अणूंचे कॅल्शियम-४० होते आणि उरलेल्या सुमारे ११ अणूंचे आर्गॉन-४०. आर्गॉन हा निष्क्रिय वायू कोणत्याही अणूशी बांधला जात नाही, म्हणून शिलारस वितळलेला असताना तो निसटून जातो. स्फटिक थंड होऊन घट्ट झाला, की त्यानंतर जन्मलेला आर्गॉन मात्र आत अडकून पडतो. वय मोजायचे ते या अडकलेल्या वायूवरून. त्याचे प्रमाण किती अल्प असते, ते मी मुलांना फळ्यावर मांडून दाखवते: ७४ हजार वर्षांत पोटॅशियम-४० च्या दर दहा लाख अणूंपैकी अवघे ४१ बदलतात आणि त्यांतले आर्गॉन होतात ते चार-साडेचार. हवेत मात्र जवळजवळ एक टक्का आर्गॉनच असतो, त्यामुळे कणाला चिकटलेली हवासुद्धा मोजमापात शिरते. ती वजा करण्यासाठी आर्गॉन-३६ मोजतात, कारण हवेतील आर्गॉन-४० आणि आर्गॉन-३६ यांचे गुणोत्तर ठाऊक आहे. पूर्वी ते २९५.५ मानत, नव्या मोजणीत ते २९८.५६ आले. जुन्या खडकांच्या वयात या फरकाने फारसे बिघडत नाही, कोवळ्या राखेच्या वयात मात्र बिघडू शकते.

जुन्या पोटॅशियम–आर्गॉन पद्धतीत नमुन्याचे दोन भाग करावे लागत. एका भागातून पोटॅशियम मोजायचे, दुसरा वितळवून आर्गॉन मोजायचा, आणि दोन्ही भाग सारखेच आहेत असे धरून चालायचे. त्यासाठी नमुनाही मुबलक लागे, म्हणजे हजारो कण एकत्र वितळत. १९६६ मध्ये मेरिह्यू आणि टर्नर यांनी यावर जो मार्ग मांडला, तो मला या साऱ्या विषयातील सर्वांत सुंदर कल्पना वाटतो. नमुना अणुभट्टीत ठेवून त्याच्यावर वेगवान न्यूट्रॉनांचा मारा केला, की पोटॅशियम-३९ च्या काही अणूंचे आर्गॉन-३९ होते. हा समस्थानिक नैसर्गिक खडकात जवळजवळ नसतोच आणि त्याचा अर्धायुकाल सुमारे २६९ वर्षे असल्याने प्रयोगशाळेतील कामापुरता तो टिकून राहतो. मग पोटॅशियम वेगळे मोजावेच लागत नाही. एकाच कणातून, एकाच वेळी, एकाच मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे अणू वस्तुमानानुसार वेगळे करणाऱ्या यंत्रात, आर्गॉनचे समस्थानिक मोजायचे. आर्गॉन-३९ पोटॅशियमची साक्ष देतो आणि आर्गॉन-४० काळाची. न्यूट्रॉनांचा मारा नेमका किती झाला, हे कळण्यासाठी वय माहीत असलेला प्रमाण-स्फटिक नमुन्याशेजारी ठेवतात. पुढे लेझर आले आणि मिलिमीटरहूनही लहान असा एकेक स्फटिक वितळवून त्याचे स्वतंत्र वय काढता येऊ लागले.

एकेक कण वेगळा मोजता येणे किती महत्त्वाचे आहे, हे मला एका साध्या आकडेमोडीने पटले. दख्खनच्या बेसॉल्टचे वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे आहे. समजा, राख खरोखर ७५ हजार वर्षांपूर्वीची आहे, आणि वितळवलेल्या नमुन्यातील पोटॅशियमपैकी फक्त एक टक्का बेसॉल्टच्या कणांतून आले आहे. मग मोजलेले वय ७५ हजार येणार नाही, ते सुमारे ७ लाख ३० हजार येईल. दोन टक्के मिसळ असेल, तर ते १३ लाख ९० हजारांवर जाईल. हे आकडे बोरीच्या जुन्या वयांच्या आसपास पडतात, हे पाहून मी प्रथम थबकले होते. मात्र त्यावरून राख ७५ हजार वर्षांचीच आहे असे सिद्ध होत नाही, हेही लगेच लक्षात घेतले पाहिजे. कारण ८ लाख वर्षांच्या राखेत एक टक्का मिसळ झाली, तरी उत्तर १४ लाखांच्या पुढेच येते. आकडेमोड एवढेच सांगते, की हजारो कण एकत्र वितळवले असतील तर यंत्र कितीही अचूक असले तरी त्याने दिलेले वय हे कोणत्याच एका गोष्टीचे वय नसते.

म्हणूनच अभ्यासक समुद्राकडे वळतात. आमच्या भागात विहिरी खणणारे एक वयस्कर गृहस्थ होते. काळी माती, मुरूम, मांजऱ्या, कातळ असा क्रम ते हाताच्या बोटांवर सांगत. ते मला म्हणाले होते, “बाई, मुरमाच्या खाली माती लागली की समजायचं, हितं आधी कुणीतरी उकरलंय.” खोल समुद्राच्या तळाशी उकरणारे फारसे कोणी नाही. गाळात बिळे करणारे लहान जीव थरांच्या कडा काहीशा पुसट करतात, हे खरे. पण तेथे पूर येत नाही, काठ ढासळत नाही आणि हजार वर्षांत जेमतेम काही सेंटीमीटर गाळ साचतो. मोठा उद्रेक झाला, की आकाशातून पडलेली राख पाण्यातून खाली उतरते. जड कण आधी आणि हलकी काच नंतर, अशी ती तळावर पसरते आणि तिच्यावर पुन्हा सूक्ष्मजीवांच्या शंखांचा गाळ साचत राहतो.

हिंदी महासागरातील ७५८ क्रमांकाचे वेधनस्थळ हे याचे उत्तम उदाहरण. १९८८ मध्ये ‘जॉइडीस रेझोल्यूशन’ या जहाजाने नाइन्टीईस्ट रिज या समुद्राखालील पर्वतरांगेवर सुमारे २,९०० मीटर खोल पाण्याखालून गाळाचा गाभा काढला. टोबापासून ही जागा सुमारे एक हजार किलोमीटर दूर आहे. ही रांग आजूबाजूच्या तळापेक्षा उंच असल्याने गंगा-ब्रह्मपुत्रेचा जो गाळ बंगालच्या उपसागराच्या तळावरून लोटत येतो, त्यातील भरड भाग तिच्या माथ्यावर चढत नाही. भूगोलाची शिक्षिका म्हणून मला येथे थांबावेसे वाटते. कुकडी घोडला मिळते, घोड भीमेला मिळते, तेच पाणी उजनीत अडते आणि सोलापूरच्या नळाला येते. उरलेले भीमेतून कृष्णेत आणि कृष्णेतून त्याच बंगालच्या उपसागरात जाते. बोरीची राख धुऊन नेणारी नदी आणि न धुतलेली राख जपणारा समुद्रतळ, हे एकाच उताराची दोन टोके आहेत.

७५८ च्या गाभ्यातील राखेच्या थरांना वरून खाली अक्षरे दिलेली आहेत. सर्वांत वरचा मोठा थर टोबाच्या अलीकडच्या महाउद्रेकाचा. २०१२ मध्ये या उद्रेकाचे आर्गॉन–आर्गॉन वय ७३,८८० वर्षे, अधिक-उणे ३२० वर्षे, असे प्रसिद्ध झाले. खालच्या एका थराचे वय १९९५ मध्ये लेझर पद्धतीने सुमारे ८ लाख वर्षे आले. हा थर ज्या जागी आहे, ती जागा फार मोलाची आहे, कारण त्याच्या थोडे वर गाळातील चुंबकीय दिशा उलटते. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव शेवटचे जेव्हा पालटले, ती ब्रून्स–मातुयामा सीमा हीच.

या सीमेच्या वयाबद्दल तेव्हा नुकताच मोठा मतभेद होऊन गेला होता. पोटॅशियम–आर्गॉन पद्धतीवर आधारलेले मान्य वय ७ लाख ३० हजार वर्षे होते. १९९० मध्ये शॅकल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समुद्रगाळातील ऑक्सिजन समस्थानिकांची, हिमयुगांच्या येण्याजाण्याबरोबर बदलणारी, चढउतार-रेषा पृथ्वीच्या कक्षेतील बदलांशी जुळवून पाहिली आणि सीमा ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वीची असली पाहिजे असे मांडले. खडक मोजणाऱ्यांचा आकडा एक आणि ग्रहगतीचा आकडा दुसरा, असा तो पेच होता. १९९२ मध्ये हवाईतील माउई बेटावरच्या लाव्हाचे आर्गॉन–आर्गॉन वय ७ लाख ८३ हजारांच्या आसपास आले आणि पारडे ग्रहगतीच्या बाजूने झुकले. सीमेच्या थोड्या खालच्या राखेचे ८ लाख वर्षे हे वयही त्याच्याशी सुसंगत ठरले. जुनी वये कमी येण्याची कारणेही उमगली: काही नमुन्यांतून आर्गॉन काळाच्या ओघात निसटला होता आणि सॅनिडिनसारख्या (ज्वालामुखीय राखेत आढळणाऱ्या पोटॅशियमयुक्त) स्फटिकातून तो प्रयोगशाळेत पूर्ण बाहेरच पडत नव्हता, कारण त्याचा वितळलेला रस अतिशय चिकट असतो.

एक शंका येथे रास्त आहे आणि ती मला एका विद्यार्थ्याने विचारलीही होती. कोलोरॅडोतील फिश कॅन्यन येथील सॅनिडिन हा सर्वत्र वापरला जाणारा प्रमाण-स्फटिक आहे. त्याचे २ कोटी ८२ लाख १ हजार वर्षे हे वय २००८ मध्ये ठरवले गेले, ते मोरोक्कोतील सागरी गाळात असलेल्या राखेच्या थरांवरून, आणि त्या गाळाचे वय कक्षेतील बदलांवरून काढलेले होते. मग आर्गॉन कक्षेला तपासतो आणि कक्षा आर्गॉनला, हे वर्तुळ झाले नाही का? मला तसे वाटत नाही. शॅकल्टन यांचा पेच सुटला तो या जुळवणीच्या कितीतरी आधी, तेव्हा दोन्ही घड्याळे वेगवेगळी चालत होती. शिवाय तिसरी साक्ष मानवी इतिहासाची आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसने पॉम्पेई गाडले, तेव्हाच्या सॅनिडिनचे वय १९९७ मध्ये १,९२५ वर्षे, अधिक-उणे ९४ वर्षे, असे मोजले गेले. प्रत्यक्षात उद्रेकाला तेव्हा १,९१८ वर्षे झाली होती.

समुद्रातील राख निर्दोष असते असा याचा अर्थ नाही. ज्वालामुखीपासून जितके दूर जावे, तितके स्फटिक लहान आणि विरळ होतात, कारण ते वाटेतच गळून पडतात. फार दूर उरते ती बहुतांशी काच. काच समुद्रात पाणी शोषते, तिच्यातील पोटॅशियम बदलू शकते, आणि अणुभट्टीत बारीक कणांतून आर्गॉन-३९ उसळून बाहेर पडतो. उद्रेकाच्या वेळी शिलारसाने वाटेतल्या जुन्या खडकाचे स्फटिक उचललेले असतील, तर तेही राखेतच येतात. फरक इतकाच, की थरावर आणि थराखाली क्रमवार गाळ असल्याने चुकीचे वय तेथे लपून राहत नाही. शेजारचा गाळच ते नाकारतो.

बोरीबद्दल माझा कल आज ८ लाखांच्या बाजूने आहे. अश्युलियन हत्यारांशी ते वय अधिक जुळते. मात्र टोबाच्या निरनिराळ्या उद्रेकांची काच रचनेने इतकी सारखी असते, की केवळ तिच्यावरून ठामपणे बोलू नये असे मला वाटते. आणि माझ्या बशीतल्या राखेवरून तर काहीच बोलता येणार नाही, कारण ती घेताना मी एक गंभीर चूक केली: ती थराच्या तळातून घेतली की माथ्यातून, हे मी लिहून ठेवले नाही. नदीकाठच्या अशा थरांत अगदी तळाची पातळ पट्टी आकाशातून थेट पडलेली असू शकते आणि वरची जाडी पुराने आणून टाकलेली असते. दिवाळीनंतर कुकडीचे पाणी उतरले, की मी पुन्हा बोरीला जाणार आहे. या वेळी टेप, खुणेच्या पिशव्या आणि वही सोबत असेल. आणि पहिला नमुना थर जेथे खालच्या मातीला टेकतो, तेथून घेईन.