लोणीची राजबाग आणि ‘विकायला नको होतं’वाले

एखाद्या दिवंगत नटाचं गावाकडचं घर विक्रीला निघाल्याची बातमी आली की ठरलेली रडारड सुरू होते. ‘पोरांना पैशाची एवढी काय नड होती?’, ‘सरकारने घेऊन स्मारक करायला हवं होतं’, ‘आपल्याकडे वारशाची कदरच नाही.’ हे लिहिणाऱ्यांतल्या किती जणांनी आयुष्यात एक तरी सातबारा नीट वाचला असेल, देव जाणे. राज कपूर यांची लोणी काळभोरची राजबागही त्यांच्या पश्चात कुटुंबाकडून एमआयटी शिक्षणसंस्थेकडे गेली, तेव्हा ‘विकायला नको होतं’ हे वाक्य तिच्याही नशिबी आलंच. तिथे जाऊन आल्यावर मला या वाक्याचा जरा जास्तच राग येतो.

जाणं अवघड नाही, कंटाळवाणं आहे. पुणे स्टेशनपासून अठरा-वीस किलोमीटर, पण हडपसर ओलांडेपर्यंतच जीव जातो. पीएमपीची बस हडपसर गाडीतळावरून मिळते. दौंडकडे जाणारी पॅसेंजर लोणीला थांबते आणि वेळ जमत असेल तर तीच बरी, कारण सोलापूर रस्त्यावर ऊस, टँकर आणि लग्नाच्या वराती एकाच लेनमध्ये असतात. लोणी स्टेशनजवळ तेल कंपन्यांचे डेपो आहेत, त्यामुळे टँकरची रांग बाराही महिने. सोलापूरकडे तोंड केलं की डाव्या हाताला मुळा-मुठा, आणि राजबाग त्या नदीकाठची.

नदीकाठची सुमारे सव्वाशे एकर जमीन. हेक्टरमध्ये पन्नासच्या वर. ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’चं (1978) चित्रीकरण याच काठावर झालं. आज तिथे एमआयटीचं कला, डिझाइन आणि तंत्रज्ञान विद्यापीठ आहे आणि लांबूनच दिसतो तो संत ज्ञानेश्वरांच्या नावाचा विश्वशांती घुमट. 160 फूट व्यासाचा, 2 ऑक्टोबर 2018 ला उद्घाटन झालेला. मला तो बोजड वाटतो. त्यामानाने कपूर घराण्याचं स्मारक आणि समाधीची जागा बरी राखली आहे. झाडं, मोकळी हवा, चित्रपटांतली छायाचित्रं. हा चालता कॅम्पस आहे, पर्यटनस्थळ नव्हे. आधी चौकशी करून, परवानगी घेऊन जा. गेटवरच्या माणसाशी ‘आम्ही फॅन आहोत’ म्हणून हुज्जत घालणारे दिसले, त्याची तरी यात काय चूक?

आणि तिथेच, छायाचित्रांपुढे सेल्फी काढता काढता, एका घोळक्यात ते वाक्य कानावर पडलं. बंगला विकायलाच नको होता म्हणे. मग कुणाला ठेवता आला असता, तेही बघू.

शेतजमिनीचा मालक गेला की आधी वारसनोंद. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असेल तर आई, सगळे सारख्या हिश्श्याचे. राज कपूर 2 जून 1988 ला गेले. मागे पत्नी कृष्णा आणि पाच मुलं. अशा घरात मृत्यूचा दाखला आणि वारसांच्या तपशिलासह तलाठ्याकडे अर्ज जातो, फेरफार (हक्कातल्या बदलाची नोंद) पडतो, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. कागदावर सोपं. प्रत्यक्षात एक वारस परदेशात असतो, एकाचं नाव आधारवर वेगळं असतं, एकाला हिस्सा नको असतो पण हक्कसोडपत्र नोंदवायला यायला सवड नसते. दुसऱ्या पिढीतला एखादा गेला की त्याच्या हिश्श्याला पुन्हा त्याचे वारस. दहा वर्षं कुणी हललं नाही तर सहा सह्यांच्या पंधरा होतात, आणि त्यातली एक अडली की पूर्ण व्यवहार अडला.

आता घेणारा. ‘आम्ही चाहत्यांनी वर्गणी काढून घेतलं असतं’ म्हणणाऱ्यांनी महाराष्ट्राच्या कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याचं कलम 63 वाचावं. शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकताच येत नाही. शेतकरी दाखला नसताना खरेदीखत करून बसलात तर कलम 84-क खाली व्यवहार अवैध ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते. त्यात कमाल जमीनधारणेचा कायदा आहेच: बारमाही बागायत 18 एकर, जिरायत 54 एकर. सव्वाशे एकर शेती एकट्याने घेणारा चाहता येणार कुठून?

सातबाऱ्यात नमुना सातवर आधी भूधारणा बघायची. भोगवटादार वर्ग 1, म्हणजे विकायला मोकळी जमीन, असेल तर ठीक, वर्ग 2 असेल तर विक्रीला पुन्हा परवानगी आणि बहुतेकदा नजराणा, म्हणजे सरकारला भरायची रक्कम. मग ‘इतर हक्क’ हा रकाना. सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कुळाचं नाव, सामाईक विहिरीतला हिस्सा, वहिवाटीचा रस्ता, सगळी घाण तिथेच दडलेली असते. मालकीच्या कागदांचा तीस वर्षांचा शोध, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, आणि सरकारी मोजणी. नदीकाठी मोजणी सोडली तर मेलातच. काठ दर पुरात थोडा खचतो, सातबाऱ्यावरचं क्षेत्र मात्र जुनंच राहतं. उताऱ्यावर दहा एकर आणि जागेवर सव्वानऊ, हे या पट्ट्यात कुणाला नवल वाटत नाही.

त्यावर पूररेषा. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्याच्या आत बांधकाम नाही, निळ्या-लालच्या मधल्या पट्ट्यात कडक अटी. म्हणजे जाहिरातीत ‘रिव्हर टच’ म्हणून ज्या पट्ट्याचा भाव चढवून सांगतात, तिथेच वीट लावता येत नाही. हा पट्टा मोकळा ठेवून उरलेल्या जमिनीवर काहीतरी उभारायचं, तर भरपूर क्षेत्र आणि थांबायची ऐपत असलेला गिऱ्हाईक लागतो. असा गिऱ्हाईक म्हणजे एखादी संस्था नाही तर बिल्डर.

आणि समजा विकलंच नाही, तर? काळ्या मातीतलं जुनं घर आपोआप टिकत नाही. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, जोत्याला तिरकी भेग जाते. ती नुसती सिमेंटने बुजवली की पुढच्या वर्षी शेजारी दुसरी. कौलं दरवर्षी पावसाआधी चाळावी लागतात. एक फुटकं कौल राहिलं की वासा ओला, ओल्या वाशाला वाळवी, तीन-चार पावसाळ्यांत छप्पर खाली. हे करायला कायमचा राखणदार आणि माळी लागतो, आणि मालक मुंबईत. पाकिस्तानात पेशावरला असलेली कपूर घराण्याची हवेली बघा. 2016 मध्ये तिला राष्ट्रीय वारसा जाहीर केलं, 2020 मध्ये तिथल्या प्रांतिक सरकारने विकत घ्यायचं ठरवलं, मग किमतीवरून मालकाशी वाजलं. तोवर ती ढासळतच होती. चेंबूरला राज कपूरांचा आर. के. स्टुडिओ 2017 च्या आगीत जळला आणि 2019 मध्ये गोदरेज प्रॉपर्टीजने घेतला, 2023 मध्ये तिथला बंगलाही त्यांच्याचकडे गेला. शहरात दुसरं काही होणारही नव्हतं. या सगळ्यात लोणीला निदान समाधीवर सावली आहे आणि झाडायला माणूस आहे. घुमट बोजड असला तर असू दे.

मला खरं वाईट वाटलं ते नदीचं. येताना कवडीपाटला थांबलो. जुन्या, आता बंद झालेल्या टोलनाक्याजवळून आत नदीकडे वळायचं. हिवाळ्यात सकाळी आठच्या आत गेलात तर चक्रवाक, थापट्या, शेकाटे नक्की दिसतात, म्हणून कॅमेरेवाल्यांची गर्दी. पण नाकाला रुमाल लावूनच. पुण्याचं सांडपाणी याच पाण्यातून पुढे जातं. जलपर्णीचा हिरवा गालिचा, बंधाऱ्याखाली साबणासारखा पांढरा फेस, आणि पूर ओसरल्यावर बाभळींच्या फांद्यांना डोक्याएवढ्या उंचीवर अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. ज्या काठावर सिनेमा झाला तो काठ असा झालाय. त्याचं खरेदीखत कुणीच केलेलं नाही, त्यामुळे ओरडायचं कुणावर तेही कळत नाही.

उरलेल्या दिवसात थेऊर झालं. चिंतामणीचं दर्शन, थोरल्या माधवराव पेशव्यांची आठवण, दहा मिनिटांत बाहेर. संकष्टीला मात्र हा बेत ठेवू नका. थेऊर फाट्यापासून गाड्या तुंबतात, आणि लोणीहून परतताना त्याच रांगेत टँकरच्या मागे तासभर डिझेलचा धूर खात बसावं लागतं.