वाइनचं पहिलं पुस्तक

गुरुवार, रात्री

भाचा दिंडोरीजवळच्या एका वायनरीत टेस्टिंग रूममध्ये कामाला लागलाय. आज त्याचा फोन आला, "मावशी, वाइनवरचं एकच पुस्तक घ्यायचं तर कोणतं घेऊ?" रात्री कळवते म्हणाले आणि कपाटातली सगळी पुस्तकं पलंगावर काढून बसले.

बाटल्यांना १०० पैकी गुण देणारी आधी बाजूला केली. त्यातल्या बहुतेक बाटल्या आपल्याकडे मिळतच नाहीत. ह्यू जॉन्सनचं खिशात मावणारं पुस्तक १९७७ पासून दरवर्षी निघतं, मला फार आवडतं. पण ते लंडनच्या दुकानात उभं राहून चाळायचं पुस्तक आहे.

वाइनचं पुस्तक हातात आलं की मी शाब्लीचं पान उघडते. फ्रान्समधल्या या वाइनच्या बाटलीवर द्राक्षाची जात सहसा छापलेली नसते. पुस्तकाने ती सांगायला हवी: शार्डोने. मग थंड हवा, चुनखडीची जमीन आणि थंडीमुळे द्राक्षात टिकून राहणारा आंबटपणा. तेच शार्डोने कॅलिफोर्नियाच्या उन्हात पिकलं, ओकच्या पिंपात मुरलं, त्यातल्या तीव्र आम्लाचं जिवाणूंनी सौम्य आम्ल केलं, की लोण्यासारखं का लागतं, हेही कळायला हवं. "हिरवं सफरचंद, लिंबू, ओला दगड" एवढं लिहून जे पुस्तक पुढे जातं, ते मी ठेवून देते. टेस्टिंग रूममध्ये पाहुणे विचारतात, "ही इतकी आंबट का?" त्या 'का'चं उत्तर पोराजवळ असलं पाहिजे.

दुसरी परीक्षा आपल्या मातीची. वेल ३० ते ५० अक्षांशांत रमतो आणि हिवाळ्यात झोपतो, असं जवळजवळ प्रत्येक पुस्तक सांगतं. नाशिक २० अक्षांशावर! इथे वेलीला झोप नाही. एप्रिलात खरड छाटणी, पावसाळा फक्त काडी आणि पानांचा, मग सप्टेंबर-ऑक्टोबरात फळासाठी गोडी छाटणी. खुडा जानेवारी ते मार्च, रात्री गार आणि पाऊस लांब असताना. सगळं जग शरद ऋतूत द्राक्षं तोडतं म्हणून आपणही तोडायला गेलो, तर घड परतीच्या पावसात कुजतील. हे भाच्याला कुणी शिकवायला नको, बागेतच वाढलाय तो. पण लेखकाला उष्ण प्रदेशातली ही दोन छाटण्यांची शेती ठाऊक आहे का, हे मी बघतेच. दोन ओळी असल्या तरी चालतील, चुकीच्या नकोत.

'ऑक्सफर्ड कम्पॅनियन टू वाइन' हा जॅन्सिस रॉबिन्सनच्या संपादनाखालचा कोश, १९९४ मध्ये पहिल्यांदा आला. अडलं की उघडायचा. पहिलं पुस्तक म्हणून कोश कुणाच्या हातात देऊ नये. जॉन्सनच्या 'वर्ल्ड अ‍ॅटलास ऑफ वाइन'चे नकाशे बघत मी तासन्‌तास बसते, पण तेही दुसऱ्या वर्षाचं. केविन झ्रेली न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमधल्या उपाहारगृहात वर्ग घ्यायचा, त्यातून त्याचं पुस्तक झालं; प्रश्न-उत्तरांत लिहिलेलं, सरळ, चांगलं. तरी मन कॅरेन मॅकनीलच्या 'वाइन बायबल'वरच बसलं. द्राक्षाची वाइन कशी होते इथून ती सुरू करते, मग देशोदेशी नेते, आणि प्रत्येक ठिकाणी तिथल्या जेवणाशी गाठ घालून देते. जाडजूड आहे, पण ओढीने वाचलं जातं.

फक्त जुनी प्रत नको. हवामान बदलतंय तसा वाइनचा नकाशाही हलतोय: २०२१ मध्ये बोर्दोने उन्हाळ्याला टिकतील अशा सहा नव्या जातींना परवानगी दिली, शँपेनवाले इंग्लंडात केंटमध्ये वेली लावतायत. २०२२ ची तिसरी आवृत्तीच मागव, असा निरोप त्याला आत्ता पाठवला. फळांची नावं अडतील तिथे समासात करवंद, जांभूळ, आमसूल, जे आठवेल ते पेन्सिलीने लिही, हेही सांगितलं. झ्रेली माझ्याजवळचाच घेऊन जाईल.