उशीर झाला तरी चालेल असं जेवण

घरात दोन प्रेशर कुकर असताना विजेवर मंद आचेने शिजवणारा स्लो कुकर कशाला, हा प्रश्न अगदी रास्त आहे. कुकरमध्ये तीन शिट्ट्यांत डाळ होते, पाऊण तासात मटण. वेळ वाचवायचा म्हणून कुणी हे यंत्र घेणार असेल तर घेऊच नका. कुकरमध्ये अर्ध्या तासात होतं त्याला इथे आठ तास लागतात.

आमच्याकडे वेळ कमी पडत होता असं नाही, तो ठरत नव्हता. मी रबाळ्याला एमआयडीसीत, एका प्रयोगशाळेत कामाला. रबाळे ते ठाणे लोकलचा हिशोब पक्का असतो, मध्ये ऐरोली आणि आता दिघा गाव, की आलं ठाणे. त्यापुढे कासारवडवलीपर्यंत सगळं रामभरोसे. माजिवडा, कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ. गायमुखला एखादा कंटेनर आडवा झाला की त्याची शेपटी कुठवर येईल ते कुणी सांगू शकत नाही. सोमवारी साडेसातला दारात उभा असलेला मी मंगळवारी नऊला येतो. बायको नर्स आहे, तिची सेकंड शिफ्ट असली की ती येईपर्यंत आमची जेवणं उरकलेली असतात. मुलगी दहावीत, तिचा क्लास साडेआठला सुटतो. आई घरी असते, पण गुडघ्यांमुळे ओट्यापाशी दहा मिनिटांवर उभी राहू शकत नाही, आणि राहू नये.

अशा घरात ‘आल्यावर कुकर लावतो’ याचा अर्थ दहाला जेवण. स्लो कुकरचा गुण एकच आणि तो मला पुरेसा आहे: त्याला उशीर सोसतो. आठ तास झाले की तो आपणहून ‘वॉर्म’वर जातो आणि आतलं गरम ठेवतो. मी दीड तास उशिरा आलो तरी उसळीचं काही बिघडत नाही. आधी आलेला आधी वाढून घेतो.

यंत्र अगदी साधं आहे. जाड, जड, चिनी मातीचं भांडं, वर काचेचं झाकण. बाहेरच्या कवचात भोवतीने तापणारी तार. खालून जाळ नसतो, त्यामुळे तळाला सहसा लागत नाही. माझा साडेतीन लिटरचा आहे, २०० वॅटचा. म्हणजे आठ तासांत जास्तीत जास्त १.६ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर सोळा रुपये. गॅसवरच्या कुकरपेक्षा हे महागच पडतं. गॅस वाचतो म्हणून घ्या असं सांगणाऱ्यांचा हिशोब मला कधी कळलेला नाही.

आईचा पहिला आक्षेप विजेचा होता. ‘घरात कोण नसताना बटण चालू ठेवून जायचं?’ ‘आई, तू आहेस ना घरात.’ ‘मी दुपारी झोपते.’ मग तिने दोन-तीन दिवस त्यावर पहारा दिला, झाकणावर साठलेलं पाणी ठिबकताना पाहिलं आणि निकाल दिला, ‘म्हणजे वैलच की रे हा.’ कुडाळच्या घरी चुलीच्या बाजूच्या वैलावर कुळथाचं नाहीतर वाटाण्यांचं मडकं दिवसभर असायचं. पुढे भाकऱ्या, मागे हे. त्यानंतर तिने कधी तक्रार केली नाही, उलट आता मीठ कमी पडलं की दोष मला असतो, वैलाला नसतो.

(अमेरिकेहून कुणी भाऊबंद ‘आमच्याकडचा जुना आणतो’ म्हणाला तर प्रेमाने नको म्हणा. तो तिकडच्या १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टवर तीच तार साडेतीन पटीहून जास्त वीज ओढेल आणि उसळीऐवजी वासच येईल.)

ही कल्पना मुळात कुठून आली ते वाचलं तेव्हा मला ठाणेकर म्हणून गंमत वाटली. शिकागोच्या आयर्विंग नॅक्सनने १९३६ साली पेटंटसाठी अर्ज केला, १९४० मध्ये त्याला ते मिळालं. ज्यू लोक शब्बाथला, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणाऱ्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, विस्तव पेटवत नाहीत, म्हणून शुक्रवारी सूर्यास्ताआधी कडधान्य आणि मांसाचं भांडं गावच्या बेकरीच्या भट्टीत ठेवायचं आणि ती भट्टी विझता विझता ते रात्रभर शिजायचं. लिथुआनियातली ही आठवण त्याला आईने सांगितली होती. पुढे १९७० मध्ये रायव्हल कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि १९७१ मध्ये तेच भांडं क्रॉक-पॉट म्हणून बाजारात आणलं. शनिवारी काम बंद ठेवणारी माणसं आपल्याकडे शतकानुशतकं आहेत. कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, तेलाचा घाणा चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. ठाण्यात टेंभी नाक्याजवळचं त्यांचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, १८७९ सालचं आहे. मी शाळेत जाताना त्याच्यासमोरून जायचो, पण शुक्रवारी संध्याकाळी आत सुरू होणाऱ्या शब्बाथचा आणि रात्रीच्या स्वयंपाकाचा संबंध कधी डोक्यात आला नव्हता.

असो. कामाचं बोलू.

इंटरनेटवर ‘सगळं टाका आणि विसरून जा’ अशा पाककृती ढिगाने आहेत. त्या आपल्या जेवणाला लागू पडत नाहीत, कारण आपली चव बहुतेक दोन जागी असते, भाजलेल्या वाटणात आणि फोडणीत. हे भांडं शंभर अंशांच्या खालीच राहतं. त्यात कांदा कितीही तास ठेवा, तो मऊ होतो, लाल होत नाही. खोबरं खमंग होत नाही. कच्चा लसूण उग्रच राहतो. म्हणून मी कामाची वाटणी केली आहे. भाजणं रविवारी, शिजणं भांड्याकडे, फोडणी संध्याकाळी माझ्याकडे.

रविवारी दुपारी सुकं खोबरं, उभा चिरलेला कांदा, धणे, थोडी बडीशेप असं काळपट तांबूस होईपर्यंत भाजून वाटतो आणि वाटीवाटीच्या मापाने डब्यांत भरून फ्रीझरमध्ये टाकतो. खोबरं जांभळी नाक्यावरून आणतो, तिथे ते फोडून हुंगून घेता येतं. खवट खोबरं आठ तास शिजवलं तर अख्खं घर खवट होतं. खडा मसाला मात्र नेहमीच्या निम्मा. लवंग आणि दालचिनी इतका वेळ रश्शात राहिली की रस्सा औषधासारखा लागतो.

पाण्याचंही तेच. झाकणाखाली वाफ जमते आणि परत खाली पडते, रस्सा आटत नाही. कढईत तीन वाट्या पाणी लागतं तिथे इथे दीड वाटीने भागतं. पातळ झालंच तर शेवटी झाकण काढून ‘हाय’वर अर्धा तास, किंवा सरळ कढईत ओतून आटवायचं. मधेमधे झाकण उघडायचा मोह मात्र आवरा. एकदा उघडलं की गेलेली उष्णता भरून यायला वीसेक मिनिटं जातात.

आमच्या घरात सगळ्यात जास्त होते ती काळ्या वाटाण्यांची उसळ. कुकरला हे वाटाणे हट्टी असतात, सहा शिट्ट्या होऊनही दाताखाली येतात. वाटाणे आदल्या सकाळी भिजत घालतो, रात्री उपसून फ्रीजमध्ये. सकाळी उठलो की चहाच्या बाजूच्या शेगडीवर ताज्या पाण्यात दहा मिनिटं खळखळून उकळतो. दुसरीकडे कढईत तेलावर वाटण आणि मालवणी मसाला परततो, तेल सुटेपर्यंत. दोन्ही गरम गरम भांड्यात, बुडतील एवढं उकळतं पाणी, मीठ, ‘लो’. साडेसातला घर सोडतो. संध्याकाळी वाटाणा अख्खा दिसतो, पण जिभेने टाळूवर दाबला तरी फुटतो, आणि आतलं पीठ रश्शात उतरून रस्सा आपोआप दाट झालेला असतो. मग आमसुलं, किंचित गूळ, आणि पळीत तेल तापवून लसूण-हिंग-कढीपत्त्याची फोडणी. ती चर्र करून पडली की मुलगी खोलीतून बाहेर येते.

आमसुलं शेवटीच. आंबट असलेल्या पाण्यात कडधान्य मऊ पडत नाही. चिंच, टोमॅटो, सगळ्यांना तोच नियम.

आणि ते दहा मिनिटं खळखळून उकळणं मी सगळ्या कडधान्यांना करतो, पण राजम्याला ते करायलाच हवं, त्यात हयगय नको. कच्च्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं. पूर्ण उकळीला ते मोडतं, स्लो कुकरच्या मंद आचेला मोडेलच असं नाही, उलट ऐंशी अंशांच्या आसपास शिजवलेला अर्धा कच्चा राजमा कच्च्यापेक्षा जास्त बाधतो. चार-पाच दाण्यांनीही उलट्या-जुलाब होऊ शकतात. निदान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात उकळा, मगच भांड्यात. मी पोटापाण्यासाठी तापमानं मोजतो, म्हणून हे जरा आवाज चढवून सांगतोय.

त्याच नात्याने आणखी एक. पाच ते साठ अंश हा जंतूंचा आवडता पट्टा. त्यात अन्न कमीत कमी वेळ राहायला हवं. म्हणून रात्रीची तयारी मातीच्या भांड्यातच करून ते भांडं फ्रीजमध्ये ठेवायचं, ही लोकप्रिय युक्ती मला पसंत नाही. गार जड भांडं तापायला फार वेळ घेतं, आणि गार भांड्यात उकळतं पाणी ओतलं तर तडा जाऊ शकतो. तयारी स्टीलच्या डब्यात ठेवा. बर्फ झालेलं मटण तर थेट भांड्यात कधीच नको.

मटण आमच्याकडे बुधवारी किंवा शुक्रवारी. पाऊण किलो, खांदा आणि सीना, नळीसकट. पाठीचा मऊ भाग यात वाया जातो, चिवट भागाचंच सोनं होतं, कारण त्यातल्या पांढऱ्या पडद्यांचं तासन्तास मंद आचेवर जिलेटिन होतं आणि रस्सा ओठाला चिकटतो. रात्री आलं-लसूण, हळद, मीठ लावून फ्रीजमध्ये. सकाळी वाटणात दहा मिनिटं परतायचं, बटाटे तळाशी (ते मटणापेक्षा उशिरा शिजतात, खरं वाटत नाही पण शिजतात), वर मटण, वाटीभर उकळतं पाणी. संध्याकाळी वर बोटभर लाल तवंग असतो. तो अर्धा काढून ठेवतो, दुसऱ्या दिवशीच्या अंड्याच्या रश्शाची फोडणी त्यातच होते. ब्रॉयलर चिकन मात्र आठ तासांत दोऱ्या-दोऱ्या होतं. गावठी कोंबडा मिळाला तरच लावा.

तूरडाळ, मूग, मटकी, भात, पालेभाज्या यांच्या वाटेला जाऊ नका. भात तर लापशी होतो. तो मी आल्यावर कुकरला लावतो, पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून. घरच्याच हव्यात असा हट्ट सोडल्यापासून घरात भांडणं कमी झाली आहेत.

वीज जाण्याचा प्रश्न सगळे विचारतात. गोल बटणवाला कुकर वीज आली की आपला आपण सुरू होतो. डिजिटलवाले बरेचसे होत नाहीत, ते घेण्याआधी विचारा. आमच्या सोसायटीचा जनरेटर फक्त लिफ्टला आहे. आई घरी नसेल त्या दिवशी मी आल्या आल्या मायक्रोवेव्हचं घड्याळ बघतो. ते लुकलुकत असलं तर वीज गेली होती. किती वेळ, ते खालच्या वॉचमनला विचारतो. दोन तासांच्या आत असेल आणि भांडं हाताला चटका देत असेल तर पुन्हा उकळून वाढतो. त्याहून जास्त असेल तर मटण टाकून देतो. जीव तुटतो, पण देतो.

रविवारी मात्र हे यंत्र माझ्याकडून आईकडे जातं. खपली गव्हाची खीर. गहू कांडून कोंडा काढलेला, रात्रभर भिजवलेला, चौपट पाणी, ‘लो’वर सहा-सात तास. दाणा फुलून त्याच्या पोटातली रेघ उकलली की झालं. गूळ त्यानंतरच, आधी घातला तर गहू चिवट राहतो. मग ओल्या खोबऱ्याचा चव, सुंठ, वेलची, जायफळ. दूध कुणाला हवंच असेल तर ते वाटीत घेतल्यावर, गार. गरम गुळात दूध फाटतं आणि त्यावरून आई जे बोलते ते इथे लिहिण्यासारखं नाही.