आमच्या हायस्कूलात पोरीच जास्त का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. ऑफिसचे साहेब असोत, नाहीतर पुण्याहून भाषणाला आलेलं कोण असो, हजेरीपट उघडला की ठरलेलं, "सर, पोरी एवढ्या? छान की!" बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं सरकारी मराठी हायस्कूल, आठवी ते दहावी मिळून पट ४३, त्यात मुलगे ११. सीमाप्रश्न सांगत बसत नाही, तो तुम्हाला पाठ आहे, खरं या ११ चं उत्तर त्यात नाही.

उत्तर सकाळी रस्त्यावर दिसतं. इंग्लिश मिडियमची व्हॅन येते, भाऊ त्यात बसतो, बहीण चालत आमच्याकडं. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, प्राथमिकचं माध्यम सरकारनं लादायचं नाही, आईबापांनी ठरवायचं. बरोबरच आहे. आमच्यात आईबाप म्हणजे बाप, आणि फी एकाचीच जमते.

तीन वर्षांमागं जूनमध्ये एक बाप जुळ्यांना घेऊन आला. सातवीपर्यंत दोघं एकाच वर्गात, मराठीत. पोरगी हुशार, पोरगा बरा. मी खुशीत दोन फॉर्म काढले. त्यानं एक परत सरकवला, "त्याचं बेळगावात केलंय सर, हिचं तेवढं लिवा." पोरगा भिंतीवरचा नकाशा बघत उभा. पोरीला आधार नंबर विचारला तर तिनं धडाधड स्वतःचा सांगितला आणि सवयीनं भावाचापण चालू केला. चार आकडे झाले असतील. बाप म्हणाला, "त्याचा नको."

बोलायला पाहिजे होतं मी. नाही बोललो. एक तर आमचा स्वतःचा मुलगा त्याच व्हॅननं जातो, कुठल्या तोंडानं बोलणार? आणि दुसरं, आठवीत तोवर ९ नावं होती, तिच्यानं १० झाली. मनातल्या मनात १० मोजले मी.

आता म्हणाल, मास्तरनं काय केलं? फी मी भरणार होतो काय त्याची? मे महिन्याच्या उन्हात घरोघर फिरून पोरं आम्हीच गोळा करतो, अतिथी शिक्षक येईपर्यंत कन्नड मीच रेटतो, ते कोण विचारत नाही. ती पोरगी दहावीला ६२५ पैकी ५७० च्या पुढं गेली, फ्लेक्स लावला आम्ही.

खरं सांगायचं तर नवीन होतो तेव्हा मीच मिटिंगमध्ये मुलींचा आकडा सांगून टाळ्या घेतल्यात. तेव्हाच्या त्या मास्तरचा, म्हणजे माझाच, राग येतो आता. खरं तोपण खोटं बोलत नव्हता की, पोरी येत होत्याच, आणि उद्या त्यापण व्हॅनमध्ये बसल्या तर शाळा बंद, मग जिची फी जमणार नाही ती कुठं जाईल, घरीच ना? म्हणून कुणी "छान की" म्हटलं की मी हो म्हणतो आणि चहा मागवतो.